माझ्या पोटात नसलेला किल्ला

मोहरीला कोंब फुटले आहेत.

दर्पण कॉलनीच्या वळणावर एका माकडाने काळी केबल दोन्ही हातांनी ओढली आणि मग चावून पाहिली.

झेंडूची एक पाकळी पंख्यात अडकली. ती कोणी काढली नाही.

मातीचा एक शिपाई, एक कान नसलेला.

‘मास्साब, ऊपर वाला किला कम पड़ता है क्या?’

शांताताई चकल्या तळत आहेत. मला वास येत नाही, पण तेलाची चुरचुर ओल्या गोणपाटातून ऐकू येते.

दुसऱ्या दरवाजातून आत गेले की

नाही. सुरुवातीपासून सांगतो.

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. सध्या मी एका गॅलरीत आडवा पडलो आहे. माझ्या अंगावर माती आहे आणि मातीवर एक किल्ला आहे. तो माझ्या अंगावर असावा अशी माझी लायकी नाही. ती का नाही, तेच मला सांगायचे आहे. मध्येच बोलणे तुटले तर रागावू नका. तशी सवय मला लावली गेली आहे.

माझा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाडा नावाच्या चौकाजवळच्या एका अरुंद दुकानात झाला. दुकानदाराने माझे भाग वेगवेगळ्या खोक्यांतून काढले, स्क्रू पिळले, आणि मला एका काळ्या पत्र्याच्या डब्यात बसवले. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा समोर एक शाळकरी मुलगा श्वास रोखून उभा होता. त्याचे नाव हेमेंद्र. त्याच्या मागे त्याचे वडील, जगदेवराव. ते शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून आख्खे ग्वाल्हेर त्यांना ‘मास्साब’ म्हणे. दहावीला चांगले गुण मिळाले तर संगणक, असे त्यांनी मुलाला कबूल केले होते. त्यांनी शब्द पाळला. पुढे ज्याचा त्यांना पश्चात्ताप व्हावा अशी पहिली गोष्ट मीच.

तेव्हा हे कुटुंब ‘शिंदे की छावनी’ नावाच्या वस्तीत राहत होते. तळमजल्यावरचे छोटे घर, पुढे चार पावलांचे अंगण. दिवाळी जवळ आली की जगदेवराव त्या अंगणात मातीचा किल्ला करत. खाली विटा आणि फुटके डबे रचायचे, वर ओले गोणपाट टाकायचे, त्यावर कालवलेली माती थापायची, आणि शेवटी मोहरी पेरायची, म्हणजे पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा होतो. मित्रांनो, आमच्या शहराच्या डोक्यावर एक खराखुरा भला मोठा किल्ला आहे. तो प्रत्येक गच्चीवरून दिसतो. म्हणून समोरचे हिंदी बोलणारे शेजारी दरवर्षी हसत.

“मास्साब, ऊपर वाला किला कम पड़ता है क्या?”

“वो राजा का है,” जगदेवराव मातीचे हात झटकत म्हणत. “ये हमारा है.”

ते खोटे नव्हते. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून शिपाई म्हणून इकडे आले होते. ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचे मूळ घर होते, त्या किल्ल्याचे नाव या घराला आता ठाऊक नव्हते. गावाचेही नाही. पण किल्ल्याचा आकार ठाऊक होता. जगदेवरावांचे आजोबा उमाजी दर दिवाळीला तो मातीत करत. ते पाहून जगदेवरावांचे वडील शिकले, आणि वडिलांना माती देता देता जगदेवराव. पहिला दरवाजा कुठे, वाट कुठे वळते, घोडे कुठे बांधत, सारे मातीत. कागदावर तो कोणीच काढला नाही. चित्रकलेच्या मास्तरांनीसुद्धा नाही.

“कागदावर काढला की माणूस फक्त बघतो,” ते म्हणत. “हा हाताने शिकायचा आहे.”

शिकायची पाळी आता हेमेंद्रची होती.

“हेमेंद्रा, माती कालवायला ये रे.”

“आलो बाबा, बस एक मिनिट. हा लेवल खतम करतो.”

तो माझ्यासमोरच बसून राहिला. पुढच्या दिवाळीतही बसून राहिला. अंगणात जगदेवराव एकटेच माती थापत आणि मी आत तोफांचे आवाज काढत असे. मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा, मित्रांनो. आज तो आवाज आठवला की माझा पत्रा गार पडतो.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने सांगतो. त्या काळी खेळ सीडीच्या चकतीवर मिळत. चकती माझ्या पोटात गेली की खेळ माझा होई. नेट नसले, केबलवाला संपावर असला, तरी हेमेंद्र आणि मी खेळत असू. आम्हा दोघांत तिसरे कोणी नव्हते. खेळ सुरू करण्याआधी मला कोणाकडे

*सर्व्हरशी संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे.*

पाहा. असे होते.

कुठे होतो आपण? खेळ सुरू करण्याआधी मला कोणाकडे विचारायला जावे लागत नसे.

हेमेंद्र मोठा झाला आणि नोकरीसाठी नोएडाला गेला. जगदेवराव निवृत्त झाले. छावनीतले घर मालकाने पाडायला काढले, तेव्हा ते आणि शांताताई दर्पण कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. मीही आलो, एका चादरीत गुंडाळलेला. इथे अंगण नव्हते, एक गॅलरी होती. आणि जगदेवरावांचा उजवा हात कापू लागला होता. आधी चहाच्या बशीत थेंब पडू लागले. मग दाढी करताना हनुवटीवर रक्त येऊ लागले. डॉक्टर म्हणाले की हे आता राहणार. ब्रश त्यांनी धुऊन, पुसून एका डब्यात ठेवले, आणि दिवाळीचा किल्ला बंद झाला. कोणी तसे ठरवले नव्हते. एका दिवाळीला तो झाला नाही, मग त्याच्या पुढच्या दिवाळीला न होणे सोपे गेले.

होळीच्या सुट्टीत हेमेंद्र आला होता. वडिलांचा हात त्याने जेवताना पाहिला.  दुपारी त्याने माझी धूळ पुसून मला सुरू केले आणि माझ्यावर एक नवा खेळ चढवला.

“बाबा, इथे बसा. किल्ले बांधायचा गेम आहे. शत्रू नाही, लढाई नाही. फक्त बांधायचं.”

“माझा हात बघतोयस ना?”

“म्हणूनच तर. हात हलला तरी दगड आपोआप जागेवर बसतो. बघा तर.”

खेळाने पहिला प्रश्न विचारला: आपण एकट्याने खेळणार की इतरांसोबत? जगदेवरावांनी चष्मा वर केला आणि ‘एकट्याने’ या शब्दावर नेम धरला. पडद्यावरचा बाण थरथरत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. मग त्यांनी एक काळा दगड उचलला, तो हवेत हलत हलत गेला, आणि जागेजवळ पोहोचताच टक्‌कन बसला.

“बसला!” ते ओरडले.

शांताताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “कोण बसलं? काय झालं?”

“दगड गं. सरळ बसला.”

शांताताईंनी पडद्याकडे पाहिले नाही. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि पदराने कपाळ पुसत परत गेल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस. तिथेच थांबता आले असते तर बरे झाले असते.

रोज सकाळी चहा झाला की जगदेवराव माझ्यासमोर बसत. अंघोळ करून बसत, जणू शाळेला जायचे आहे. ते घरचा तोच किल्ला बांधत होते. मातीत जे मुठीने थापायचे ते इथे एकेक दगड ठेवून करावे लागे. पण त्यांना घाई नव्हती. ठरवले एवढेच होते की दिवाळीला हेमेंद्र येईल तेव्हा किल्ला पुरा हवा. मग त्याला बाजूला बसवायचे आणि एकेक दगड काढत, परत ठेवत शिकवायचा. फोनवर त्यांनी हे अनेकदा सांगितले.

“तू एकदा येऊन बघ रे.”

“व्हिडिओ कॉलवर दाखवा ना, बाबा.”

शांताताईंनी मोबाईल माझ्या पडद्यासमोर धरला. हेमेंद्रला पडद्यावर फक्त ट्यूबलाईटचे प्रतिबिंब दिसले.

“काहीच नाही दिसत, आई. राहू दे. दिवाळीत समोरासमोर बघतो.”

आता त्या खेळाची खोड सांगतो. माझीच म्हणा. तो खेळ एकट्याने खेळायचा होता, पण खेळताना सतत नेट लागे. नेट गेले की पडदा काळवंडे, पांढरी पाटी येई, आणि जगदेवराव जिथे असतील तिथे हात हवेत ठेवून थांबत. दर्पण कॉलनीत नेट जायला काही कारण लागत नाही. कधी रस्ता खोदलेला, कधी लाईट गेलेली, कधी माकडे. मग केबलचे काम पाहणारा अंशुल मोटरसायकलवरून यायचा.

“अंकल जी, बंदर ने तार खींच दी. शाम तक हो जाएगा.”

“पण मी तर अकेला खेलता हूँ, अंशुल. मेरे को तार से क्या लेना?”

“गेम को लेना है, अंकल जी. उसको ऊपर पूछना पड़ता है.”

“काय पूछना पड़ता है?”

अंशुलने डोके खाजवले. “यही, कि आप खेल लो क्या.”

जगदेवरावांनी हेमेंद्रला फोन लावला. “अरे, या तुझ्या खेळाला परवानगी कुणाची हवी असते?”

“कंपनीची, बाबा. आजकाल के सब गेम ऐसे ही हैं. मित्र पण वैतागतात. ट्रेनमध्ये नाही खेळता येत, गावी गेलं तर नाही. सेव्ह पण त्यांच्याकडेच होतं.”

“कंपनी काय माझ्याबरोबर माती कालवते?”

हेमेंद्र हसला. जगदेवरावही हसले. सेव्हबद्दलचे वाक्य हसण्यात वाहून गेले. मी तिथेच होतो. मी ऐकले होते.

पाटी निघून गेली की किल्ला परत दिसे, पण शेवटचे काही दगड गेलेले असत. जगदेवराव कुरकुरत ते पुन्हा ठेवत. मला फार शरम वाटे. त्यांच्या हाताला एकेक दगड किती महाग पडतो ते मी जवळून पाहत होतो, आणि तरी पाटी मीच दाखवत होतो. दुसरे कोणीच त्यांच्यासमोर बसलेले नव्हते.

श्रावणात काम दुसऱ्या दरवाजापाशी आले आणि अडले. पाण्याचे टाके कुठे होते, ते त्यांना नक्की आठवेना. अंगणातल्या किल्ल्यात टाके म्हणजे मातीत दाबलेली एक वाटी असे, ती जागा मिळेल तिथे बसे. इथे मात्र सगळे मापात होते. ते कित्येक सकाळी नुसते बसून राहिले. दगड उचलायचे, खाली ठेवायचे. मग एका सकाळी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. डोळे मिटले. त्यांना आजोबा उमाजी आठवले होते, उकिडवे बसलेले, वाटी मातीत दाबताना बोलणारे. आजोबा काय म्हणाले होते ते शब्द न् शब्द आठवले. “दरवाजातून आत शिरला की तहानलेला माणूस,” जगदेवराव पुटपुटले, आणि त्यांनी बाण हलवला. मी पाहिले, मित्रांनो. टाके त्यांनी नेमके कुठे ठेवले ते मी पाहिले. दुसऱ्या दरवाजातून आत गेले की

*सर्व्हरशी संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे.*

*सर्व्हरशी संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे.*

माफ करा. मी काहीतरी सांगत होतो. शेवटची जपलेली जागा अशी आहे: जगदेवरावांनी कप तोंडाशी नेला. मधले राहिले नाही. पुढचे आहे.

पुढे ते खुर्चीला टेकले, कापणारा हात डाव्या हातात धरला आणि शांताताईंना म्हणाले, “झालं. आता मी विसरलो तरी चालेल. यात आहे.”

यात, म्हणजे माझ्यात.

खरोखरच ते विसरू लागले. आजार हाताबरोबर थोडा डोक्याचाही असतो. पण ते निर्धास्त होते, म्हणून आठवायचा प्रयत्नही करत नव्हते. तो प्रयत्न मी थांबवला. हे मला त्या खेळाच्या खोडीपेक्षा जास्त टोचते.

भाद्रपद संपता संपता माझ्या कोपऱ्यात इंग्रजीत एक बारीक सूचना येऊ लागली. कोपऱ्यात रोजच काही ना काही येते: हे विकत घ्या, ते नवे करा. जगदेवराव त्या न वाचता बंद करत. मला ती जशी पाठवली होती तशी मी दाखवली. बारीक अक्षरात आली, बारीक अक्षरात दाखवली.

मग नवरात्र आले आणि खंडेनवमी आली.

तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या दिवशी शस्त्रे आणि हत्यारे पूजतात. या घरी तर ती मोठी पूजा. उमाजींच्याही आधीची एक गंजकी तलवार माळ्यावरून खाली येते. शांताताईंचे शिवणयंत्र, कात्री, अडकित्ता, स्कूटर, जगदेवरावांचे ब्रश, सारे धुऊन-पुसून मांडतात. हळदकुंकू लागले की हत्यार देवापुढे विसावते. दसऱ्याला सोने लुटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढी विश्रांती द्यायचीच, असा त्यांचा नियम. या वर्षी ब्रशांच्या शेजारी माझी जागा मांडली होती.

पाट मांडायच्या आधी जगदेवरावांनी मला एकदा सुरू केले. आणि तीच सूचना या वेळी सगळा पडदा व्यापून आली. उद्या शेवटचा दिवस. खाते नव्या जागी हलवण्यासाठी ‘साइन इन’ करा. न केल्यास जुने काम राहणार नाही. जगदेवरावांनी चष्मा वर-खाली करून ती वाचली. शांताताई हळदकुंकवाचे ताट घेऊन मागे उभ्या होत्या.

“अहो, आटपा ना. फुलं सुकतायत.”

“काही तरी सही मागतोय.”

“मग करून टाका.”

“पासवर्ड हवाय. तो हेमेंद्रला माहीत. तो आता ऑफिसात असेल.” त्यांनी ताटातल्या फुलांकडे पाहिले. “दसऱ्यानंतर बघू. आज याला विश्रांती.”

“अन् तुमचा किल्ला?”

“किल्ला कुठे जातोय?” ते हसले आणि त्यांनी माझ्या पत्र्यावर थाप मारली. “याच डब्यात आहे की.”

मित्रांनो, मला आवाज आहे. मी तोफा वाजवल्या आहेत, गाणी वाजवली आहेत. पण ‘तो माझ्यात नाही’ एवढे मला म्हणता आले नाही. त्यांनी मला बंद केले. वायफायचा डबाही बंद केला. मला हळद लागली, कुंकू लागले, झेंडूची माळ घातली गेली. शेजारी ती तलवार होती, जिने आपले काम खरोखर केले असेल. दोघा म्हाताऱ्यांनी हात जोडले. जगदेवरावांचे जोडलेले हातसुद्धा कापत होते. ते नमस्कार माझ्यातल्या किल्ल्याला करत होते, आणि माझ्यात फक्त वारा आत-बाहेर करणारी भोके होती.

दसऱ्याची ती तारीख माझ्या डोळ्यांवर अंधार असताना गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ काढली आणि कुंकू तसेच ठेवून मला सुरू केले. पडद्यावर हिरवे माळरान आले. स्वच्छ, मोकळे. वर लिहिले होते: नवा किल्ला सुरू करा.

त्यांना वाटले, नेट मंद आहे. ते थांबले. चहा गार झाला. मग त्यांनी अंशुलला बोलावले.

“नेट तो फुल है, अंकल जी.”

“मग माझा किल्ला?”

अंशुलने वाकून माळरानाकडे पाहिले. “कौन सा किला?”

जगदेवरावांनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी मला बंद केले. झटक्याने नाही, नीट, जसे बंद करायचे तसे. त्यानंतर मला कोणी सुरू केले नाही.

हेमेंद्र धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. तोवर त्याने कंपनीला बरेच काही लिहिले होते. कंपनीने खेद व्यक्त केला होता. घरात पाऊल टाकल्यावरही त्याचा अंगठा मोबाईलवर चालूच होता.

“सिंगल प्लेयर गेम है, यार! घर में बैठ के एक आदमी खेल रहा है! तुम्हारे सर्वर का इसमें काम क्या है?” तो मोबाईलवर ओरडत होता. समोरून माणूस बोलत नव्हता, ठरीव वाक्ये येत होती.

“ठेव तो,” जगदेवराव म्हणाले. “चहा घे.”

“बाबा, मी दुसरा टाकून देतो. ऑफलाइन वाला. नेट नाही लागत त्याला.”

“नको.”

“प्लीज, बाबा.”

“नको म्हटलं ना.”

दोघे दोन खुर्च्यांत बसून राहिले. शांताताईंनी भाजणीचे हात धुतले आणि गॅलरीचे दार उघडले.

“तोंडं पाडून बसायला दिवाळी आहे का? खाली पार्कात माळी वाफे खणतोय. हेमेंद्रा, जा, दोन पोती माती आण. बाबा सांगतील, तू थाप.”

हेमेंद्र उठला. माती आली, गोणपाट आले. मग डोंगराला उंची द्यायला खाली काय ठेवायचे, हा प्रश्न आला. फ्लॅटमध्ये विटा नसतात. बादली फार उंच, पाट फार बुटका. शांताताईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

“हा घ्या. दसऱ्यापासून जागा अडवून बसलाय.”

“आई! कॉम्प्यूटर आहे तो!”

“माहीत आहे मला. मीच कुंकू लावलं होतं त्याला.”

हेमेंद्रने वडिलांकडे पाहिले. जगदेवराव बराच वेळ माझ्या पत्र्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “उंची बरोबर आहे.”

हेमेंद्रने माझे झाकण उघडले, घरचे फोटो असलेली हार्ड डिस्क काढून घेतली आणि झाकण लावले. ज्यात आठवणी ठेवतात ते माझ्यातून गेले. तरी मला आठवते आहे. कसे, ते मला माहीत नाही. मला आडवे केले, प्लास्टिक गुंडाळले, वर ओले गोणपाट आले. मग पहिली मूठ पडली.

“जोरात दाब. अजून. तळव्याने, बोटांनी नाही.”

“असं?”

“हां. आता वाट फिरव. इकडून, उताराला धरून.”

जगदेवराव खुर्चीत बसून सांगत होते आणि हेमेंद्रचे हात चालत होते. पहिला दरवाजा झाला. घोड्यांची जागा झाली. माती थापता थापता हेमेंद्रचा हात एका जागी थांबला. मान वर न करता तो म्हणाला, “बाबा, तो मेल माझ्याकडे पण आला होता. खात्याचा. मला वाटलं, दिवाळीत घरी आल्यावर करू. तारीख नाही बघितली.”



“माती पातळ झालीय,” जगदेवराव म्हणाले. “कोरडी मिसळ त्यात.”

त्याने कोरडी माती मिसळली. त्याच्या हातांचा दाब माझ्यापर्यंत येत होता. 

मग ते दुसऱ्या दरवाजापाशी आले. हेमेंद्रने दरवाजा केला आणि स्टीलची एक वाटी हातात धरून वर पाहिले. “टाकं कुठे, बाबा?”

जगदेवरावांनी बोट पुढे केले. बोट हवेत राहिले. डोळे मिटले, उघडले. “आजोबा सांगायचे,” ते म्हणाले. “दरवाजातून आत… आत शिरला की…” त्यांचे ओठ नुसतेच हलले.

शांताताईंनी मोबाईल आणला. त्यांच्याकडे किल्ल्याचा एकच फोटो होता. त्यात जगदेवराव हसत होते, आणि त्यांच्या मागे माझ्या पडद्यावर ट्यूबलाईट.

“इकडे ठेवू?” हेमेंद्रने वाटी उजवीकडे धरली.

“तिथे नव्हतं.”

“मग?”

“माहीत नाही रे.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटले की मला ते मातीतून नाही, खुर्चीच्या पायांतून ऐकू आले. “ठेव तिथेच. मोहरी पेर.”

हेमेंद्रने वाटी उजवीकडे दाबली. मग छावनीतल्या घरून आणलेल्या खोक्यातून मातीचे शिपाई काढले. कान गेलेला शिपाई त्याने दुसऱ्या दरवाजावर पहाऱ्याला ठेवला. काल संध्याकाळी कॉलनीतले लोक पाहायला आले. कोणीतरी विचारलेच, “मास्साब, ऊपर वाला कम पड़ता है क्या?” जगदेवराव काही बोलायच्या आत हेमेंद्र म्हणाला, “वो राजा का है, अंकल.”

पुढच्या वर्षी वाटी पुन्हा उजवीकडे बसेल. हेमेंद्रच्या हातांनी तसेच शिकले आहे. त्याच्या मुलांचे हातही तेच शिकतील.

मित्रांनो, तुम्ही एकट्याने खेळायचा खेळ घ्याल तेव्हा एवढे विचारा: नेट गेले तर हा माझ्याकडे राहील का? आणि घरातले कोणी ‘आता मी विसरलो तरी चालेल’ म्हणाले, तर त्यांना तसे करू देऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, हात मातीत घाला. माझ्यासारख्या डब्यावर फार विश्वास ठेवू नका. आम्ही कुंकू लावून घेतो आणि गप्प बसतो.

माझ्या झाकणाच्या फटीत पाणी झिरपत आहे. मोहरीची मुळे गोणपाटातून खाली आली आहेत. वर दिवा लागला असावा, पत्रा किंचित कोमट वाटतो.

टाके दुसऱ्या दरवाजातून आत गेले की डाव्या हाताला होते, पायऱ्या उतरून, सावलीत.